कुसाबाईचं बिनकुलपाचं खातं

पुढे जे सांगणार आहे ते घडलेलं आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, मी जन्मभर थट्टाच करत आलो. पण हर्षालीवर ठेवा.

हर्षाली माझ्या धाकट्या भावाची मुलगी. वय एकोणतीस. देवळाली कॅम्पात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, लोकांचे सर्व्हर उभे करून देते, आणि विनोद सांगितला तर "बरं" म्हणते. अशी मुलगी भुताची गोष्ट रचणार नाही. तिला साधं निमित्तही रचता येत नाही, म्हणून तर ती लग्नकार्यांना वेळेवर हजर असते.

भुतांच्या गोष्टीत रात्र असते. अमावस्या असते. लाइट गेलेली असते.

इथे यातलं काही नाही.

दिवस अक्षय्य तृतीयेचा. तीस एप्रिल, बुधवार. डोकं भाजून निघेल असं ऊन. वेळ दुपारची.

आणि जागा...

जागेचंच तर सगळं आहे. ते पुढे येईल.

पिंपळगावच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, रविराजचं पॅकहाऊस आहे. हंगामात द्राक्षं, एरवी डाळिंब. बाया माल निवडतात, खोक्यांत भरतात, खोकी शीतगृहात जातात आणि तिथून कंटेनरने परदेशी. कुठल्या बागेचा माल, कोणत्या खोलीत, किती गार, ही सगळी नोंद एका जुन्या प्रोग्राममध्ये. तो प्रोग्राम ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर. रविराजला तो नांदगावच्या गोडाऊनमधून आणि घरूनही उघडायचा होता.

हर्षालीने त्याला समजावलं. क्लाउडमध्ये एक कॉम्प्युटर भाड्याने घ्यायचा. तो मुंबईकडे कुठल्यातरी इमारतीत असेल. त्याला स्क्रीन नसते, कीबोर्ड नसतो. तो खरं म्हणजे वेगळा कॉम्प्युटरही नसतो, एका मोठ्या यंत्रातला एक हिस्सा असतो. आपण आपल्या लॅपटॉपवरून त्याच्याकडे जायचं, नाव आणि पासवर्ड सांगायचा, की त्याचा पडदा आपल्या पडद्यावर दिसायला लागतो.

रविराजने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग नारळ कुठं फोडायचा?"

शेवटी लॅपटॉपसमोर फोडला. पाणी कीबोर्डवर उडालं. हर्षाली "बरं" म्हणाली.

मुहूर्त आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचाच, धरला होता, कारण साडेतीन मुहूर्तांपैकी तो एक. पण आपल्याकडे आखाजी पितरांचीही असते. रविराजची आई कुसाबाई भाद्रपदात गेली होती. तिच्या नावाची ही पहिली घागर. सकाळीच घरी घागर भरून, वर खरबूज ठेवून, तिला नावाने हाक मारून घास टाकून रविराज ऑफिसात आला होता. कपाळावरचं गंध अजून ओलं होतं.

म्हणजे सकाळी ज्या आईला हाक मारून बोलावलं, त्याच आईचं नाव त्याने दुपारी सर्व्हरवर घालायला सांगितलं.

"पहिलं नाव आईचं टाका, ताई."

हर्षालीने सांगितलं, की सर्व्हरवर नाव टाकणं म्हणजे ट्रॅक्टरवर नाव टाकणं नव्हे. इथे नाव म्हणजे खातं. आत शिरायचं दार.

"असूं द्या की दार. तिच्या नावाशिवाय आपलं काही सुरू होत नाय."

तिने पासवर्ड विचारला. रविराज हसला.

"आईला कशाला कुलूप? जन्मभर अंगठा केला तिनं. पासवर्ड कुठून टाकील?"

आता हर्षालीची चूक सांगतो. ती स्वतःही तेवढीच सांगते, त्याहून जास्त कबूल करत नाही.

विंडोजचा एक नियम आहे. ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्यातून लांबून आत शिरता येत नाही. नेटवरून नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नाही. फक्त त्या यंत्रासमोर प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला ते खातं उघडता येतं. आणि इथे यंत्रासमोर बसायला जागाच नव्हती. दार आहे, पण दारापुढे जमीन नाही. तिने विचार केला, याच्याइतकं सुरक्षित खातं दुसरं कोणतं? बिनपासवर्डाचं खातं करू द्यायला सर्व्हर तयार नव्हता. तिने त्याचा तो एक नियम पाच मिनिटं बाजूला ठेवला, खातं केलं, नियम परत लावला.

नाव, कुसाबाई. पासवर्ड, काही नाही.

रविराजने स्क्रीनला हात जोडले.

सर्व्हर चालू होऊन तास झाला नाही तोच जगभरातून लोक त्याची कडी वाजवायला लागले. हे नेहमीचं आहे. माणसं नसतात ती, चोरांनी सोडलेले प्रोग्राम असतात. सर्व्हरच्या वहीत प्रत्येक टकटक नोंदली जाते. अॅडमिन नावाने चारशे वेळा. टेस्ट नावाने दोनशे. एकाने तर जॉन नावाने एकशे दहा वेळा प्रयत्न केला. पिंपळगावच्या डाळिंबांत जॉनला काय मिळणार होतं, देव जाणे.

हर्षालीने एकेक खिडकी बंद केली. नेहमीचा पोर्ट, म्हणजे आत यायच्या दाराचा क्रमांक, बदलला. फायरवॉलला सांगितलं, की पॅकहाऊस, नांदगाव, रविराजचं घर आणि देवळालीतलं माझं घर, एवढेच चार पत्ते, बाकी कुणालाही आत घेऊ नकोस. पाच वेळा पासवर्ड चुकला की खातं बंद. बरोबर आला तरी मोबाईलवर ओटीपी. टकटक थांबली. वही कोरी व्हायला लागली.

मग तिने लेटरहेडवर लिहून दिलं, की नेमून दिलेल्या माणसांशिवाय या सर्व्हरमध्ये कुणीही येऊ शकत नाही. खाली सही, शिक्का. स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं हे तिचं पहिलं मोठं काम.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने देवळालीतून वही उघडून पाहिली.

टकटक एकही नव्हती.

पण आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी...

कुसाबाई. प्रवेश यशस्वी.

तिला वाटलं, रविराजने हौसेने उघडून पाहिलं असेल. मग आठवलं. त्याला ते उघडताच येणार नाही. कुणालाच येणार नाही.

प्रत्येक नोंदीपुढे सर्व्हर एक आकडा लिहितो. माणूस कसा आत आला त्याचा आकडा. लांबून आला तर दहा. रविराजपुढे दहा होता. तिच्या स्वतःच्या नावापुढे दहा होता.

कुसाबाईपुढे दोन होता.

दोन म्हणजे समोर बसून.

हर्षालीने लॅपटॉप मिटला आणि भात लावला. घाबरल्यावर ती भात लावते. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तेव्हा तिने कंपनीच्या मदत केंद्राला लिहिलं, की तुमच्या इमारतीतलं कुणी माझ्या सर्व्हरसमोर बसलं आहे का. उत्तर तासाभरात आलं. तुमच्या सर्व्हरसमोर कुणी बसू शकत नाही, कारण त्याला समोर नाही. आमची सेवा कशी वाटली? कृपया तारे द्या.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता ती मुद्दाम सर्व्हर उघडून बसली. आत कोण कोण आहे याची यादी समोर ठेवली. यादीत एकच नाव, तिचं.

पाच आठ.

बाहेर कॅम्पात तोफांचा सराव चालू होता. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. त्याची तिला लहानपणापासून सवय.

पाच नऊ.

पाच दहा...

यादीत दुसरी ओळ आली.

हर्षाली, लांबून.

कुसाबाई, समोर.

तिने खातं तिथल्या तिथे बंद करायला हवं होतं. ती म्हणते, हात गेलाही होता. पण आधी बघावं असं वाटलं. आत बसलेल्या माणसाचा पडदा सर्व्हरच्या मालकाला पाहता येतो. फक्त त्या माणसाला आधी विचारावं लागतं. त्याच्या पडद्यावर प्रश्न जातो, की तुमचं काम कुणीतरी पाहू इच्छितं, चालेल का?

तिने विचारलं.

पाच सेकंद काही नाही. दहा सेकंद काही नाही...

चालेल, असं उत्तर आलं.

पडद्यावर चित्रं काढायचा तो साधा प्रोग्राम उघडला होता. पांढरा कागद. त्यावर माउसचा बाण अगदी हळू सरकत होता, नव्या माणसाच्या हातात सरकतो तसा. कागदावर उभ्या रेघा होत्या. वाकड्या, जाड, काळ्या. हर्षालीने मोजल्या. सव्वीस.

बाण पहिल्या रेघेपाशी गेला. तिच्यावर एक आडवी रेघ मारली.

थांबला.

दुसऱ्या रेघेवर मारली.

थांबला.

असं सव्वीस वेळा. कधी दोन झटपट, कधी मध्ये मिनिटभर काही नाही. शेवटची आडवी रेघ मारून झाली आणि पडदा मिटला. यादीत पुन्हा एकटी हर्षाली.

तिने रविराजला फोन लावला. लेटरहेडवर सही शिक्क्यानिशी लिहून दिलेलं स्वतःच खोटं पाडायचं होतं, त्यामुळे बरीच प्रस्तावना केली. तो "हां, हां" करत होता. रेघांचं सांगितलं तेव्हा हां बंद झाला.

फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज.

मग त्याने विचारलं, "आडव्या मारल्या का शेवटी?"

"हो."

"समद्यांवर?"

"हो."

मग त्याने सांगितलं. कुसाबाई पॅकहाऊसच्या गेटवर बसायची. रोज. एकवीस वर्षं. हातात चुलीतला कोळसा. सकाळी बाई आत गेली की भिंतीवर एक उभी रेघ. संध्याकाळी ती बाहेर आली की त्याच रेघेवर आडवी. मस्टर होतं, हजेरी होती, पण तिला लिहिता वाचता येत नव्हतं आणि लिहिलेल्यावर तिचा भरवसाही नव्हता. म्हणायची, बाया मोजून आत घ्याव्या, मोजून बाहेर द्याव्या, त्यांच्या घरी पोरं वाट बघत असतात. ती गेल्यावर भिंतीला चुना दिला. हर्षालीने ती भिंत पांढरीच पाहिली होती.

"बंद करू का खातं?" तिने विचारलं.

"राहू द्या," रविराज म्हणाला. "काही बिघडवत नाय ना ती?"

बिघडवत नव्हती. म्हणून राहिलं.

माणूस कशालाही सरावतो. हर्षाली तर तोफांना सरावलेली. तीन आठवडे रोज पाच दहाला ती चहाचा कप घेऊन बसायची आणि रेघा बघायची. गेटवर कुसाबाईच्या जागी आता जयराम होता. त्याला ती अधूनमधून फोन करून आज बाया किती, असं विचारायची. तो चोवीस म्हणाला की पडद्यावर चोवीस. सत्तावीस म्हणाला की सत्तावीस. एकदा जयराम पंचवीस म्हणाला आणि पडद्यावर सव्वीस होत्या. पाच मिनिटांनी त्याचाच फोन आला, की ताई, एक उशिरा आलेली धरायची राहिली.

भीती गेली नव्हती, असं ती सांगते. फक्त तिला रोजची ठरावीक वेळ मिळाली होती.

मग तो शुक्रवार आला. तेवीस मे.

त्या दिवशी सव्वीस रेघा होत्या. पाच दहाला आडव्या पडायला लागल्या. एक. दोन. पाच. दहा. वीस. चोवीस. पंचवीस...

बाण थांबला.

हर्षालीने चहाचा घोट घेतला. कुणी बाई गेटपाशी बोलत उभी असेल.

पाच मिनिटं.

दहा मिनिटं.

बाहेर तोफांचा सराव थांबला. काचा गप्प झाल्या. इतक्या गप्प, की फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली.

बाण त्या उरलेल्या रेघेपाशी गेला. मागे आला. पुन्हा गेला. थरथरला.

आणि मग...

त्याने ती उभी रेघ पुन्हा काढली. होती त्याच्यावरच. पुन्हा काढली. पुन्हा. वरून खाली, वरून खाली. रेघ जाड होत गेली. बोटाएवढी झाली. पट्टा झाला. वेग वाढत होता. कागदाच्या मधोमध एक काळं दार उभं राहावं तसं ते दिसायला लागलं, आणि हात थांबत नव्हता.

हर्षालीने रविराजला फोन लावला. तो नांदगावला गेला होता, फोन लागला नाही. जयरामला लावला. तो सायकल काढत होता.

तिने विचारलं, बाया सगळ्या गेल्या का.

त्याने सांगितलं, सव्वीस आल्या, सव्वीस गेल्या, बायांना नेणारी पिकअप केव्हाच निघाली, आता सोमवारपर्यंत सुट्टी.

तिने सांगितलं, पुन्हा बघा.

"ताई, तुम्ही तिकडं देवळालीत बसून आमच्या बाया मोजता व्हय?"

तिने सांगितलं, शीतगृह उघडा. जयरामने उत्तर दिलं ते नियमाला धरून होतं. चारही खोल्या भरल्यात. माल गार व्हायला लागलाय. मालकाच्या शब्दाशिवाय दार उघडलं तर गारवा जातो, माल जातो आणि मग माझी नोकरी जाते. तुम्ही काय, कॉम्प्युटरवाल्या.

पडद्यावर काळा पट्टा वीतभर रुंद झाला होता.

हर्षालीला तेव्हा कळलं, की कारण सांगितल्याशिवाय हा माणूस सायकलवरून उतरणार नाही. आणि कारण सांगितलं, तर उद्या पिंपळगावात तिला कुणी काम देणार नाही.

"जयरामभाऊ," ती म्हणाली, "कुसाबाई सांगतायत. एक बाई आत आहे."

मग सायकल पडल्याचा आवाज आला. मग किल्ल्यांचा.

फोन त्याने बंद केला नव्हता. हर्षालीला त्याचे पळते पाय ऐकू येत होते. मग शीतगृहाच्या पंख्यांची घोंघों. पहिलं दार. खोकी. दुसरं दार. खोकी. तिसरं दार उघडायला वेळ लागला. त्याचा श्वास फुलला होता. चौथ्या दाराची कडी खणखणली.

आणि पडद्यावर...

बाण थांबला. काळ्या पट्ट्यापासून दूर झाला. अगदी सावकाश त्याच्यावर एक आडवी रेघ मारली.

पडदा मिटला.

त्यानंतर, हर्षाली शपथेवर सांगते, त्यानंतर जयरामचा आवाज आला.

"ताई... भागीबाई हाय. जिती हाय."

भागीबाई सुरगाण्याकडची. हंगामापुरती नवऱ्यासोबत इकडे कामाला आलेली, दोन लहान पोरं वस्तीवर ठेवून रोज पॅकहाऊसला येणारी. शेवटच्या खोक्यांबरोबर ती चार नंबरच्या खोलीत गेली आणि मागून कुणीतरी दार ओढून घेतलं. आतून उघडायचा दांडा महिन्यापूर्वीच मोडला होता. तो बदलायचं सगळ्यांच्या लक्षात होतं. दुसरी एक बाई डबा विसरली म्हणून आत जाऊन पुन्हा बाहेर आली होती. जयरामने तिला दोनदा धरलं, त्यामुळे त्याचे सव्वीस भरले.

शुक्रवार संध्याकाळ. दार सोमवारी सकाळी उघडणार होतं. अंगावर एक सुती लुगडं.

तिला उन्हात बसवलं, गोधडी दिली, गूळ घालून चहा दिला. दात वाजायचे थांबल्यावर तिने एवढंच सांगितलं, की ओरडून ओरडून घसा बसला तेव्हा बाहेरून दारावर आवाज यायला लागला. कुणीतरी दारावर काहीतरी घासत होतं. वरून खाली. वरून खाली. खर्र... खर्र... तिला वाटलं, जयराम दार उघडायचा प्रयत्न करतोय. म्हणून ती दारापाशीच उभी राहिली, खोक्यांमागे जाऊन बसली नाही.

जयरामने दार बाहेरून पाहिलं. पांढरं पत्र्याचं दार. स्वच्छ.

रविराज रात्री परतला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्याच दिवशी चारही दारांचे दांडे बदलले. भागीबाईच्या घरी जाऊन आला. हर्षालीला वाटतं, हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. मलाही तसंच वाटतं.

पण जूनमध्ये परदेशी खरेदीदाराकडून तपासणीचा माणूस आला. त्याने डाळिंबं पाहिली, बायांच्या टोप्या पाहिल्या, संडास पाहिले आणि शेवटी सर्व्हर पाहिला. अहवाल बावीस पानी. मुद्दा क्रमांक चौदा असा होता. एका खात्यास पासवर्ड नाही. खातेधारक कर्मचारी नाही. खातेधारकाशी संपर्क होऊ शकला नाही. सात दिवसांत खाते काढून टाकावे, अन्यथा माल स्वीकारला जाणार नाही.

संपर्क होऊ शकला नाही, हे वाक्य त्या माणसाने अगदी शुद्ध मनाने लिहिलं असावं.

रविराजने सहा दिवस निर्णय टाळला. हर्षालीने मार्ग सुचवला, की खातं राहू द्या, नुसता पासवर्ड लावू.

"तो तिला टाकता येईल का, ताई?"

सातव्या दिवशी दुपारी चार वाजता त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. पावसाचं बोलला. मग म्हणाला, "पाचच्या आत करा. ती यायच्या आधी."

हर्षालीने यादी उघडली. कुसाबाईच्या नावावर गेली. काढून टाका, असं सांगितलं.

विंडोज अशा वेळी एक सूचना दाखवतं. हर्षालीने ती शंभर वेळा पाहिली होती, वाचली कधीच नव्हती. त्या दिवशी वाचली. प्रत्येक खात्याला त्याच्या नावाखेरीज स्वतःची अशी एक ओळख असते. खातं काढलं की ती ओळखही जाते. पुन्हा अगदी त्याच नावाने खातं उघडलं, तरी ती परत येत नाही.

तिने ते रविराजला फोनवर मराठीत सांगितलं.

मागे बायांचा आवाज येत होता, खोकी सरकत होती.

"दाबा," तो म्हणाला.

तिने दाबलं.

त्या दिवशी पाच दहाला कुणी आलं नाही. यादीत एकच ओळ, तिची. सर्व्हर अगदी सुरक्षित झाला. मुद्दा क्रमांक चौदा मिटला. माल परदेशी गेला.

हर्षालीने मात्र नवीन सवय लावून घेतली. रोज सहाच्या सुमारास जयरामला फोन. आज आल्या किती, गेल्या किती. जयराम आधी हसायचा. नंतर हसेनासा झाला, कारण तोही आता कोळसा घेऊन बसायचा. चुना दिलेल्या भिंतीवर पुन्हा रेघा आल्या. पंचवीस आल्या, पंचवीस गेल्या. चोवीस आल्या, चोवीस गेल्या. रोज हिशेब बरोबर.

आठ दिवस.

नवव्या दिवशीही तिने फोन केला.

"आज किती आल्या?"

"सव्वीस."

"गेल्या?"

पाऊस सुरू झाला होता. पत्र्यावर पडलेला ऐकू येत होता.

"सत्तावीस."

हर्षालीने सांगितलं, पुन्हा मोजा, डबा विसरलेली कुणी दोनदा गेली असेल. जयराम म्हणाला, त्या दिवसापासून मी त्यात चुकत नाय. सव्वीस जणी नावानिशी बाहेर काढल्या. सव्वीस रेघांवर आडव्या मारल्या. पिकअप निघून गेली. कुलूप लावायला वळलो तर आतून अजून एक बाई आली. डोक्यावर पदर पुढं ओढलेला. सावकाश चालत. मी रेघ शोधली. तिच्यावर मारायला रेघच नव्हती. तोवर ती गेटच्या बाहेर पडली होती.

"कुठे गेली?"

"रस्त्यानं. पायी. भिजत गेली, ताई. मी हाक मारली. मागं पाह्यलं नाय."

त्यानंतर आजपर्यंत पॅकहाऊसचा हिशेब रोज जमतो. जितक्या येतात तितक्या जातात. सर्व्हरच्या वहीत दोन आकड्याची नोंद पुन्हा एकदाही आलेली नाही. हर्षालीला पिंपळगावात आणखी तीन कामं मिळाली, त्यामुळे तिचं वाईट झालं असं म्हणता येणार नाही.

पण पाच वाजून गेले की ती अजून चहा घेऊन त्या यादीसमोर बसते. मी एकदा तिथेच होतो. मी थट्टेने विचारलं, आता कुणाची वाट बघतेस?

ती "बरं" म्हणाली नाही.

ती म्हणाली, "काका, जयराम चांगला माणूस आहे. पण माणूस आहे. कधीतरी मोजताना चुकेल. एखादी पुन्हा आत राहील..."

बाहेर तोफा चालू होत्या. काचा थरथरत होत्या. यादीत एकच ओळ होती.

"मग मला कोण सांगेल?"